दिलेल्या अंकांपासून बनणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज कशी काढावी

३, ५, ७ आणि ८ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून चार अंकी संख्या किती बनतील आणि त्या सर्व संख्यांची बेरीज किती येईल, अशा स्वरूपाचा प्रश्न स्पर्धा परीक्षांत विचारला जातो. सर्व संख्या लिहून काढून त्यांची बेरीज करणे येथे अशक्य नाही, पण अंक पाच-सहा झाले की यादीतील एखादी संख्या हमखास सुटते. त्यामुळे एकेक संख्या मांडत न बसता एकेका स्थानाचा विचार करावा, म्हणजे कोणता अंक कोणत्या स्थानी किती वेळा येतो एवढेच मोजावे.

प्रथम संख्या मोजू. हजार स्थानी चारपैकी कोणताही अंक ठेवता येतो, मग शतक स्थानासाठी तीन, दशक स्थानासाठी दोन आणि एकक स्थानासाठी एकच पर्याय उरतो; मोजणीच्या गुणाकार नियमाने ४ × ३ × २ × १ = २४ संख्या मिळतात. आता एकक स्थानी ८ पक्का धरला, तर उरलेले तीन अंक उरलेल्या तीन स्थानी ३ × २ × १ = ६ प्रकारे बसतात, म्हणजे २४ पैकी ६ संख्यांच्या एककस्थानी ८ असतो. हेच ३, ५ आणि ७ यांनाही लागू पडते, आणि एककाऐवजी दुसरे कोणतेही स्थान घेतले तरी गणती तीच राहते. म्हणून प्रत्येक स्थानावरील अंकांची बेरीज ६ × (३ + ५ + ७ + ८) = १३८ होते. तिला त्या त्या स्थानाच्या किमतीने गुणून चारही गुणाकार एकत्र केले की १३८ × (१००० + १०० + १० + १) = १३८ × ११११ = १,५३,३१८ हे उत्तर मिळते.

उत्तराचा पडताळा सरासरीवरून घ्यावा. अंकांची सरासरी ५.७५ आहे, म्हणून संख्यांची सरासरी ५.७५ × ११११ = ६३८८.२५ असली पाहिजे, आणि तिला २४ ने गुणल्यावर तीच बेरीज येते. अंकांची पुनरावृत्ती चालत असेल, तर संख्या ४ × ४ × ४ × ४ = २५६ होतात, प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी ६४ वेळा येतो आणि बेरीज २३ × ६४ × ११११ = १६,३५,३९२ होते.

ही रीत आजची नाही. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तील अंकपाश या प्रकरणात ती नियम म्हणून दिलेली आहे: एकापासून स्थानसंख्येपर्यंतच्या अंकांचा गुणाकार म्हणजे संख्याभेद, अर्थात बनणाऱ्या संख्यांची गणती, त्यांना स्थानसंख्येने भागावे, अंकांच्या बेरजेने गुणावे आणि आलेले फळ स्थानपरत्वे मांडून मिळवावे. ३, ९, ८ या त्यांच्या उदाहरणात ६ भागिले ३, गुणिले २० म्हणजे ४० येतात आणि ४० × १११ = ४४४० ही बेरीज मिळते. २ ते ९ या आठ अंकांच्या ४०,३२० संख्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६० आहे. हे उदाहरणही तेथलेच आहे आणि ती यादी हाताने करण्याचा विचारही कोणी करणार नाही.

अंकांत शून्य आले की मात्र हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. ०, २, ४, ७ या अंकांपासून पुनरावृत्तीविना चार अंकी संख्या बनवायच्या असतील, तर आरंभी शून्य असलेली मांडणी चार अंकी ठरत नाही. अशा वेळी बंधन विसरून सर्व २४ मांडण्यांची बेरीज आधी काढावी: १३ × ६ × ११११ = ८६,६५८. यात शून्याने सुरू होणाऱ्या ६ मांडण्याही आल्या आहेत; त्या वस्तुतः २, ४, ७ यांच्या तीन अंकी संख्या असून त्यांची बेरीज १३ × २ × १११ = २,८८६ आहे. वजाबाकी केल्यावर संख्या १८ आणि बेरीज ८३,७७२ उरते. थेट मोजूनही हेच मिळते, कारण २, ४ आणि ७ हे अंक हजार स्थानी प्रत्येकी ६ वेळा, पण इतर स्थानी प्रत्येकी ४ वेळाच येतात: ७८,००० + ५२ × १११ = ८३,७७२. माझ्या मते वजाबाकीची वाट अधिक सुरक्षित आहे.

संख्या सम असावी अशी अट असेल, तर अट ज्या स्थानावर आहे त्या स्थानापासून सुरुवात करावी. २, ३, ५, ८ यांपासून बनणाऱ्या चार अंकी सम संख्यांत एकक स्थानी २ किंवा ८ येतो, प्रत्येकी ६ वेळा, म्हणून त्या स्थानाची बेरीज ६० होते. एककस्थानी २ असता उरलेल्या अंकांची बेरीज १६ आणि ८ असता १० असते, आणि यांतील प्रत्येक अंक उरलेल्या प्रत्येक स्थानी दोनदा येतो; म्हणून त्या स्थानांची बेरीज ३२ + २० = ५२. एकूण बेरीज ५२ × १११० + ६० = ५७,७८०.

दिलेल्या अंकांतच एखादा अंक पुन्हा आला असेल, तर संख्याभेदांना त्या पुनरावृत्तीच्या भेदांनी, म्हणजे ते सारखे अंक आपसांत जितक्या प्रकारे मांडता येतात तितक्या संख्येने, भागावे. ४, ८, ५, ५, ५ यांत ५ तीनदा आहे, म्हणून १२० मांडण्यांना ३ × २ × १ = ६ ने भागून २० संख्या उरतात, आणि २० × २७ ÷ ५ = १०८, म्हणून बेरीज १०८ × ११,१११ = ११,९९,९८८ येते.

संख्या किती अंकी असाव्यात हे प्रश्नात सांगितलेले नसेल, तर बेरीज नियम वापरावा, कारण एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी आणि चार अंकी हे गट एकमेकांत मिसळत नाहीत. ३, ५, ७, ८ यांपासून पुनरावृत्तीविना अनुक्रमे ४, १२, २४ आणि २४, अशा एकूण ६४ नैसर्गिक संख्या बनतात आणि त्यांची बेरीज २३ + ७५९ + १५,३१८ + १,५३,३१८ = १,६९,४१८ होते. अंकांत शून्य असेल, तर एक अंकी गटातून ते वगळावे, कारण ते नैसर्गिक संख्यांत धरले जात नाही. त्याने बेरीज बदलत नाही, पण संख्यांची मोजणी एकाने कमी होते.