गाडीचा मेंटेनन्स प्लॅन घ्यायचा की नाही, कसं ठरवायचं?

नवीन गाडीच्या डिलिव्हरीला घरचे सगळे हार घेऊन उभे असतात आणि नेमकं तेव्हाच सेल्सवाला मेंटेनन्स प्लॅन आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पुढे सरकवतो, "सर, आत्ताच घ्या, नंतर महाग पडेल". तिथे सही करू नका. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक वेळा मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते, उशिरा घेतली तर थोडे जास्त लागतात इतकंच, त्यामुळे कोटेशन घरी आणा.

आधी विकतायत काय ते बघा. मेंटेनन्स प्लॅन म्हणजे पुढच्या सर्व्हिसचे पैसे आगाऊ भरायचे, ऑइल, फिल्टर, लेबर वगैरे. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावर एखादा पार्ट दोषामुळे गेला तर दुरुस्ती. दोन्ही एकत्र बांधून देतात, वेगवेगळी किंमत मागा, जीएसटी धरून.

मग स्वतःचं रनिंग काढा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांची सर्व्हिस 10,000 किमी किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते. ऑफिसला लोकलने जाणाऱ्याची गाडी रविवारी आणि गणपतीत गावाला तेवढीच निघते, म्हणजे वर्षाला एकच सर्व्हिस. ठाण्याहून अंधेरीला रोज जाऊन-येऊन 50 किमी धरले तर वर्षाला 12,000 च्या वर जातं, म्हणजे वर्ष व्हायच्या आधीच सर्व्हिस येते. वर्कशॉपला फोन करून प्रत्येक सर्व्हिसचा खर्च विचारा, बेरीज करा, प्लॅन त्याहून स्वस्त पडला तरच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय कव्हर नाही ती यादी शब्द न् शब्द वाचा. मी वाचली नव्हती, हायवेच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर चालवून क्लच प्लेट गेली आणि काउंटरवर सांगितलं की हे वेअर अँड टेअर, म्हणजे वापराने झालेली झीज, वॉरंटीत येत नाही, सगळं बिल खिशातून भरलं, अजून वाईट वाटतं. ब्रेक पॅड, वायपर, टायर यांचंही सहसा तेच, काही महाग मेंटेनन्स प्लॅनमध्ये क्लच, ब्रेक येतात, लेखी घ्या. आणि पावसात तुंबलेल्या हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेत इंजिनात पाणी शिरलं तर यातलं काहीच कामाला येत नाही, त्यासाठी इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन लागतं (पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, प्लीज).

गाडी किती वर्षं ठेवणार? मारुतीनेसुद्धा जुलै 2024 पासून वॉरंटी 2 वर्षांची 3 वर्षं, 1 लाख किमी केली, मग चौथ्या वर्षी विकणार असाल तर जास्तीचे पैसे कशाला? सहा-सात वर्षं ठेवणार असाल आणि गाडी ऑटोमॅटिक किंवा टर्बो असेल तर वॉरंटी मी घेईन, अशा गाडीचा एक मोठा पार्ट गेला तरी बिल फार येतं. फक्त ती वॉरंटी कंपनीचीच आहे की बाहेरच्या एजन्सीची आणि विकताना नवीन मालकाच्या नावावर होते का ते विचारा.

घेतली तर सर्व्हिस वेळेवर, ऑथराइज्ड सेंटरलाच करा आणि सगळी बिलं जपा, एक सर्व्हिस चुकली तरी क्लेम अडकू शकतो. कव्हर असूनही नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.