डायलिसिस टेक्निशियन आहात? काट्यापासून फिस्टुलापर्यंत या चुका टाळा

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त चुका मशीनवर होत नाहीत, वजनकाट्यावर होतात. हिशोबच करून बघा. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५६ किलो, आजचं वजन ५८.४. म्हणजे २.४ लिटर पाणी काढायचं, शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाइन धरून २.७. चार तासांत काढायचं तर तासाला ६७५ मिली, किलोमागे १२ मिली. तासाला किलोमागे १३ मिलीच्या आत आहे, चालेल. आता काका थंडीचे जाड स्वेटर घालून, चपलांसकट काट्यावर चढले आणि आकडा एक किलोने वाढला, तर तुम्ही शरीरात नसलेलं एक लिटर पाणी ओढायला लागता. दर साडेसोळावर जातो. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे आले, की मग सगळ्यांची धावपळ.

म्हणून काटा तोच, कपडे साधारण तेवढेच, चपला बाहेर. मागच्या वेळचं उतरतानाचं वजन शेजारी लिहा. उडी नेहमीपेक्षा मोठी दिसली तर पुन्हा वजन करा, लाजू नका. आणि ड्राय वेट हे काही कायमचं कोरलेलं नसतं. जेवण तुटलं की अंगावरचं मांस उतरतं, आकडा तसाच राहिला तर पाणी अंगात साठत जातं. पायावर सूज, आडवं झालं की दम, असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

बीपी पडण्याआधी पेशंट बहुतेक वेळा सांगत असतो, फक्त तोंडाने नाही. गप्पा मारणाऱ्या आजी गप्प होतात, एकामागून एक जांभया देतात, कपाळ ओलं होतं. पुढच्या रीडिंगची वाट बघू नका. पाणी काढणं थांबवा, पाय वर घ्या, बीपी मोजा, युनिटच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे सलाइन द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

थंडी वाजते म्हणून सुईचा हात चादरीखाली जाऊ देऊ नका. पंप मिनिटाला ३०० मिलीवर असेल आणि व्हीनस सुई, म्हणजे रक्त शरीरात परत नेणारी सुई, निसटली, तर चार मिनिटांत जवळजवळ सव्वा लिटर रक्त गादीत जातं. या परतीच्या नळीतलं व्हीनस प्रेशर थोडंसंच उतरतं, त्यामुळे अलार्म वाजेलच असं नाही. वाजलाच, तर म्यूट करण्याआधी सुई, टेप आणि नळी डोळ्यांनी बघा.

पाण्याकडे दुर्लक्ष तर अजिबात नको. डायलिसेटचा, म्हणजे रक्तातली घाण ओढून घेणाऱ्या द्रावणाचा, फ्लो मिनिटाला ५०० मिली धरला तर एका सेशनला १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं. प्रत्येक शिफ्टआधी, क्लोरीन काढणाऱ्या कार्बन टँकनंतरच्या पाण्याचं टोटल क्लोरीन तपासा, तेही पाणी शुद्ध करणारा प्लांट थोडा वेळ चालल्यावर. ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर पेशंट लावायचा नाही, बाहेर कितीही गर्दी असो. टोटल क्लोरीनमध्येच मोजल्या जाणाऱ्या क्लोरामाइनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कालचा आकडा आजच्या रजिस्टरमध्ये उतरवणं हा माझ्या दृष्टीने गुन्हाच.

शेवटचं फिस्टुलाचं, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेल्या रक्तवाहिनीचं. नवी मुलं सोपं पडतं म्हणून रोज त्याच फुगलेल्या जागी टोचतात. तिथली कातडी पातळ होत जाते. दर वेळी थोडं पुढे सरका. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, रक्त काढणं नको. आणि सुई उघडण्याआधी दोन बोटं ठेवून थरथर लागते का बघा. लागली नाही तर टोचू नका, त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन करा. गुठळी ताजी असेपर्यंतच तो फिस्टुला वाचण्याची आशा असते.