कुत्रा गुरगुरतो, अंगावर धावून जातो? या चुका टाळा

एक गोष्ट आधीच सांगते, बिल्डिंगमध्ये ज्याला सगळे "डेंजर आहे हा" म्हणतात ना, तो कुत्रा बहुतेक वेळा माजलेला नसतो, घाबरलेला असतो. समोरचा लांब जावा म्हणून तो भुंकतो, आणि माणूस खरंच मागे सरकला की त्याला कळतं, अरे हे चालतंय! मग पुढच्या वेळी आवाज अजून मोठा.

सुरुवात कुठे चुकते? तर "सगळी इंजेक्शनं होईपर्यंत खाली न्यायचं नाही" इथे. पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण 3 ते 14 आठवडे, आणि लसीचे डोस संपेपर्यंत 16 आठवडे होतात, म्हणजे पिल्लू वन बीएचकेमध्ये सुरक्षित राहिलं खरं पण तोवर दारच बंद झालं. पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या संसर्गाची) भीती खोटी नाही, त्यामुळे भटकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर अजिबात ठेवू नका. पण कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहायला काय हरकत आहे? बेस्टची बस, रिक्षा, छत्रीवाले, कोळीणबाई, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, सगळं लांबून बघू दे. अमेरिकेतल्या प्राणीवर्तन व्हेट्सच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितलंय की पहिली लस आणि जंताचं औषध झालं की किमान 7 दिवसांनी स्वच्छ जागेतला पपी क्लास चालतो.

आता उलटी चूक. कोणीतरी सांगतं सोशलाइज करा, म्हणजे त्याला माणसांची-कुत्र्यांची सवय लावा, की रविवारी संध्याकाळी थेट जुहू बीच! तिथे गर्दी, घोडे, पोरं, जो येईल तो डोक्यावर हात फिरवतोय आणि आपण म्हणतोय "काही करत नाही तो". हे सोशलाइज करणं नव्हे, छळ आहे. अंतर ठेवा. साधी टेस्ट म्हणजे चिकनचा तुकडा द्या, एरवी तुटून पडणारा कुत्रा तोंड फिरवत असेल तर तुम्ही फार जवळ आलाय, मागे या. आणि क्रम लक्षात ठेवा, ज्याची भीती वाटते ते, समजा दुसरा कुत्रा, आधी त्याला दिसलं पाहिजे, मग खाऊ.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र गुरगुरण्यावर फटका देणं. गुरगुरणं म्हणजे तो "लांब हो" सांगतोय. त्याआधी बिचाऱ्याने मान वळवलेली असते, ओठ चाटलेले असतात, अंग ताठ केलेलं असतं, आपण मोबाइलमध्ये. मार खाऊन तो गुरगुरायचं सोडतो, भीती तशीच राहते, आणि मग "अचानक चावला हो" असं आपणच सांगत फिरतो. गुरगुरला तर त्याला तिथून बाजूला न्या, बस. लिफ्टमध्ये माणसं असतील तर पुढची घ्या, आत कोपऱ्यात त्याला ठेवून मध्ये आपण उभं राहा. (सोसायटी पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करू शकत नाही हे प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांत आहे, पण म्हणून शेजाऱ्यांना घाबरवायचं लायसन्स मिळालं असं नाही!)

शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला तर ट्रेनर नंतर, आधी व्हेट. पावसाळ्यात कान सडतात, गोचिडांचा ताप येतो, सांधे दुखतात, मग हात लावला की तो फिस्कारणारच. मुंबईत असाल तर जनावरांचं परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, नाहीतर जवळचा व्हेट. नसबंदीने सगळं शांत होतं हेही डोक्यातून काढा, भीतीवर तिचा उपाय नाही.

वयाने मोठा झालेला कुत्राही सुधारतो, पण महिने लागतात. तोवर जाळीचा मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला लावायची जाळी, लावायला लाज कसली? तोंड आवळणारा कापडी घट्ट पट्टा नको, त्यात धापा टाकता येत नाहीत आणि आपल्या उकाड्यात कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो.

आणि चावलाच कोणाला, तर भांडण नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा, कुत्रा घरचा असला तरी.