सिॲटल की पोर्टलँड: कृष्णवर्णीय कुटुंबाने राहण्यासाठी तुलना कशी करावी

तुलनेच्या कोणत्याही तक्त्यात कृष्णवर्णीय लोकसंख्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटलमध्ये सुमारे ७ टक्के आणि ऑरेगन राज्यातल्या पोर्टलँडमध्ये सुमारे ६ टक्के दिसते. त्यावरून दोन्ही शहरं सारखीच वाटतात, आणि निर्णय चुकायला सुरुवात इथेच होते. दोन्हीकडे कृष्णवर्णीय वस्ती गेल्या पन्नासेक वर्षांत शहराच्या मध्यातून कडेला, पुष्कळदा हद्दीबाहेर ढकलली गेली आहे. शहराच्या हद्दीत मोजलेली टक्केवारी आज लोक कुठे राहतात हे सांगतच नाही. तुलना करायची ती वस्तीची, आणि त्या वस्तीवर कोणाचा कायदा चालतो याची.

आधी महानगराचा आकडा घ्या. शहरापुरतं पाहिलं तर सिॲटलमध्ये सुमारे ५० हजार आणि पोर्टलँडमध्ये ४० हजारांच्या आत कृष्णवर्णीय रहिवासी आहेत. सिॲटल-टकोमा-बेलव्ह्यू महानगराचा आकडा मात्र पोर्टलँड महानगराच्या तिपटीच्या आसपास जातो. टकोमाची जुनी वस्ती, तिथल्या लष्करी तळामुळे आलेली कुटुंबं आणि दक्षिण किंग काउंटीतली (सिॲटल ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागात, येतं तिच्या दक्षिणेकडची) शहरं ही सगळी त्यात येतात. चर्चची निवड करता येणं, केस विणणारी चांगली कारागीर जवळपास मिळणं, मुलांना वर्गात आपल्यासारखी दोन-चार मुलं तरी दिसणं, हे सगळं या मोठ्या आकड्यावर अवलंबून असतं.

वस्तीपातळीवरचे आकडे कसे काढायचे

जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’चे तक्ते फुकट मिळतात. पाच वर्षांची एकत्रित आवृत्ती निवडा. एक वर्षाची आवृत्ती ६५ हजारांहून लहान ठिकाणांसाठी निघत नाही. भूभाग म्हणून ‘सेन्सस ट्रॅक्ट’ (जनगणनेसाठी आखलेला वस्तीएवढा छोटा भाग) घ्या आणि चार तक्ते उतरवा. बी०२००९ मध्ये स्वतःला फक्त कृष्णवर्णीय किंवा कृष्णवर्णीयासह मिश्र वंशाचे सांगणारे सगळे येतात. या दोन शहरांत मिश्र कुटुंबं बरीच असल्याने हा तक्ता नेहमीच्या बी०२००१ पेक्षा खरा अंदाज देतो. बी२५००३बी मध्ये कृष्णवर्णीय घरांपैकी मालकीची किती आणि भाड्याची किती ते कळतं. बी१९०१३बी त्यांचं मध्यम उत्पन्न सांगतो. बी०५००३बी मध्ये परदेशात जन्मलेल्यांची संख्या दिसते. हा चौथा तक्ता वगळू नका. सिॲटलच्या दक्षिण भागात इथिओपिया, एरिट्रिया आणि सोमालियातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांची दुकानं, प्रार्थनास्थळं आणि शेजार अनेक पिढ्या अमेरिकेत असलेल्या कुटुंबांपेक्षा वेगळे असतात. आपल्याला कोणता शेजार हवा आहे, ते आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावं.

ट्रॅक्टच्या आकड्यासमोर ‘मार्जिन ऑफ एरर’, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, छापलेलं असतं. ते मूळ आकड्याच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर त्या एका ट्रॅक्टवर विसंबू नका. लगतचे तीन-चार ट्रॅक्ट एकत्र करा: मूळ आकड्यांची सरळ बेरीज, आणि मार्जिनसाठी प्रत्येकाचा वर्ग करून त्या बेरजेचं वर्गमूळ. पोर्टलँडमध्ये संख्या मुळातच लहान असल्यामुळे हे जवळजवळ प्रत्येक वेळी करावं लागतं. एका ट्रॅक्टमधला दहा टक्क्यांचा फरक तिथे नुसता नमुन्याचा योगायोग असू शकतो.

नकाशा वाचताना इतिहास सोबत ठेवा

ऑरेगनच्या १८५७ च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहण्यास मनाई करणारं कलम होतं. ते १९२६ मध्ये रद्द झालं. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामासाठी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं पोर्टलँडला आली आणि त्यातली पुष्कळशी व्हॅनपोर्ट या घाईने उभारलेल्या वसाहतीत राहिली. ३० मे १९४८ च्या पुराने ती वसाहत एका दिवसात पुसून टाकली. घर गेलेल्या कृष्णवर्णीयांना घर मिळू शकत होतं ते मुख्यतः उत्तर-ईशान्य पोर्टलँडमधल्या अल्बिना भागात. पुढे मेमोरियल कॉलिझियम हे क्रीडागृह, महामार्ग ५ आणि इमॅन्युएल रुग्णालयाचा विस्तार यांसाठी अल्बिनातलीच घरं पाडली गेली. रुग्णालयासाठी मोकळी केलेली जमीन तर केंद्राचा पैसा आटल्यावर कित्येक दशकं रिकामी पडून होती. आज अल्बिनातल्या विल्यम्स ॲव्हेन्यूवर महागडी उपाहारगृहं दिसतात, आणि तिथून विस्थापित झालेली पुष्कळ कुटुंबं ८२ व्या ॲव्हेन्यूच्या पूर्वेला किंवा शेजारच्या ग्रेशम शहरात राहतात.

सिॲटलची गोष्ट सौम्य दिसते, पण वळण तेच आहे. घरांच्या दस्तांतल्या वंशबंदीच्या अटी आणि बँकांनी नाकारलेली कर्जं यांमुळे कृष्णवर्णीय वस्ती सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्ये एकवटली. १९७० च्या सुमारास तिथले ७० टक्क्यांहून जास्त रहिवासी कृष्णवर्णीय होते. आता ते प्रमाण २० टक्क्यांखाली आहे. लोक आधी रेनिअर व्हॅलीत, मग स्कायवे, रेंटन, टकविला, केंट, फेडरल वे असे दक्षिणेकडे सरकले. माउंट झायन बॅप्टिस्ट आणि फर्स्ट एएमई ही जुनी चर्च मात्र सेंट्रल डिस्ट्रिक्टच्या परिसरातच आहेत, म्हणून रविवारी सगळा समाज पुन्हा तिकडे येतो. सिॲटलमध्ये घर आणि समाजाचं केंद्र यांच्यात हा प्रवास धरूनच चालावं लागतं.

पत्त्यावर ‘सिॲटल’ लिहिलंय म्हणजे घर सिॲटलमध्येच असेल असं नाही

९८१७८ या पिनमध्ये स्कायवेचा बराच भाग येतो. टपालाच्या पत्त्यावर सिॲटल लिहिलं जातं, पण स्कायवे कोणत्याच शहराच्या हद्दीत नाही. तो काउंटीच्या थेट कारभाराखाली आहे. सुमारे चौथाई रहिवासी कृष्णवर्णीय असलेली ही वस्ती अनेकांना आवडते, आणि आवडण्यासारखीच आहे. पण सिॲटलचे भाडेकरू-कायदे आणि तिथलं किमान वेतन इथे चालत नाही, आणि पोलिसांच्या जागी काउंटीचा शेरीफ असतो. किंग काउंटीच्या ‘पार्सल व्ह्यूअर’वर पत्ता टाकून हद्द पाहा. पोर्टलँडसाठी ‘पोर्टलँडमॅप्स’ आहे. तिथे आणखी एक गोष्ट पाहायची: पूर्व पोर्टलँडचे पुष्कळ पत्ते शहरात असूनही पोर्टलँडच्या शाळांमध्ये येत नाहीत, ते डेव्हिड डग्लस, पार्करोझ, सेंटेनिअल किंवा रेनॉल्ड्स या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये पडतात.

शाळेची एकूण श्रेणी बघून थांबू नका. राज्याच्या शालेय अहवालात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण वेगळे दिलेले असते. शाळेतून निलंबित होणाऱ्यांची वंशवार संख्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क माहितीसंग्रहात मिळते. उत्तम श्रेणीच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलं संख्येने थोडी आणि निलंबितांत जास्त असतील, तर ती शाळा तुमच्या मुलासाठी उत्तम नाही.

पैशाचा हिशोब

वॉशिंग्टनमध्ये सर्वसाधारण पगारावर राज्याचा आयकर नाही, पण सिॲटलमध्ये विक्रीकर १० टक्क्यांहून थोडा जास्त आहे. किराणा मालाला तो लागत नाही. ऑरेगनमध्ये विक्रीकर अजिबात नाही, पण आयकराचा ८.७५ टक्क्यांचा टप्पा फार लवकर सुरू होतो आणि वरचा टप्पा ९.९ टक्के आहे. शिवाय एकट्याचं करपात्र उत्पन्न सुमारे १ लाख २५ हजार किंवा जोडप्याचं सुमारे २ लाख डॉलरच्या वर गेलं, की पोर्टलँड परिसरात बालवाडी आणि बेघरांच्या सेवांसाठीचे स्थानिक करही लागतात.

उदाहरण म्हणून वर्षाला ८० हजार डॉलर पगार असलेला एकटा माणूस धरा. पोर्टलँडमध्ये राज्याचा आयकर साडेपाच हजारांच्या आसपास जाईल. सिॲटलमध्ये त्याने विक्रीकर लागणाऱ्या वस्तूंवर २० हजार खर्च केले, तर कर सुमारे २,१०० डॉलर. फरक उरतो वर्षाला साडेतीन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे महिन्याला २९० डॉलरच्या घरात. सिॲटलमधलं तसंच घर यापेक्षा जास्त महाग असेल, तर आयकराचा फायदा संपला. बहुतेक वेळा तो संपतो. दक्षिण किंग काउंटीत गेलात तर पारडं पुन्हा झुकू शकतं, पण मग प्रवासाचा खर्च धरा. तासावर काम करणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे: २०२५ मध्ये सिॲटलचं किमान वेतन तासाला २०.७६ डॉलर आणि टकविलाचं २१.१० होतं, तर पोर्टलँड परिसरात जुलै २०२५ पासून १६.३०.

कोलंबिया नदीपलीकडच्या व्हँकूव्हर, वॉशिंग्टनमध्ये राहून पोर्टलँडमध्ये नोकरी करण्याचा सल्ला हमखास मिळतो. ऑरेगनमध्ये कमावलेल्या पगारावर ऑरेगनचा आयकर तरीही लागतो. हा सल्ला नोकरी नदीच्या उत्तरेला असेल तरच उपयोगाचा.

भाड्याने घेताना

दोन्ही राज्यांत भाडेवाढीवर मर्यादा आहे: ७ टक्के अधिक महागाईचा दर किंवा १० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. ऑरेगनमध्ये १५ वर्षांहून नव्या आणि वॉशिंग्टनमध्ये १२ वर्षांहून नव्या इमारतींना ही मर्यादा लागू नाही, म्हणून इमारतीचं वर्ष विचारल्याशिवाय सही करू नये. चकचकीत नव्या इमारतीत पहिल्या वर्षी सवलत मिळते आणि दुसऱ्या वर्षी भाडं हवं तेवढं वाढू शकतं.

सिॲटलच्या हद्दीत घरमालकाला पात्र ठरलेल्या पहिल्या अर्जदारालाच घर देऊ करावं लागतं, आणि अनामत व परत न मिळणारी शुल्कं मिळून एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. पोर्टलँडमध्ये जाहिरात दिल्यापासून किमान ७२ तासांनी अर्ज घ्यायला सुरुवात करायची आणि ते आले त्या क्रमाने तपासायचे, असा नियम आहे. ‘तोंड पाहून’ निवड करण्याला हे नियम आळा घालतात, पण फायदा तयारी असलेल्यालाच होतो. पगाराच्या पावत्या, ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकाचं पत्र एका फाइलमध्ये तयार ठेवा. अर्ज ठरलेल्या मिनिटाला पाठवा, आणि वेळ दिसणारा पडद्याचा फोटो जपून ठेवा.

विकत घेताना

वॉशिंग्टनने २०२३ मध्ये ‘कव्हेनंट होमओनरशिप’ कायदा केला. पहिलं घर घेणाऱ्या ठरावीक गटांतल्या व्यक्तीला, ज्यांत कृष्णवर्णीय येतात, डाउन पेमेंट आणि व्यवहारखर्चासाठी कर्ज मिळतं. अट अशी, की ती व्यक्ती किंवा तिचे आई-वडील, आजी-आजोबा अथवा पणजी-पणजोबा एप्रिल १९६८ पूर्वी वॉशिंग्टनमध्ये राहत असले पाहिजेत. उत्पन्नाची मर्यादाही आहे आणि ती बदलली गेली आहे, तेव्हा अर्जाच्या वेळची मर्यादा तपासा. अडतं ते पुराव्यावर. जुन्या जनगणनेच्या नोंदी, शाळेचे दाखले आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी गोळा करायला महिने लागतात. घर पसंत पडण्याच्या आधी हे काम सुरू करा.

पोर्टलँडचं धोरण वेगळं आहे. उत्तर आणि ईशान्य भागात महापालिकेच्या पैशातून होणाऱ्या घरांसाठी, त्या भागातून विस्थापित झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना प्राधान्यगुण मिळतात. गुण पत्त्यावर ठरतात, वंशावर नाही. आजीचं अल्बिनातलं घर कोणत्या रस्त्यावर होतं ते कागदोपत्री दाखवता आलं, तर पोर्टलँडचा विचार गंभीरपणे करावा; बाहेरून नव्याने येणाऱ्याला या धोरणाचा फायदा नाही.

पोर्टलँडमध्ये घराच्या किमतीवरून मालमत्ताकराचा अंदाज बांधू नका. १९९७ च्या ‘मेझर ५०’ या राज्याच्या तरतुदीमुळे करासाठी धरलेलं मूल्य वर्षाला साधारण ३ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. ज्या भागांच्या किमती भराभर चढल्या, तिथे कर बाजारभावाच्या मानाने कमी राहिला. यातला कडवट भाग असा, की समाजाला जिथून उठावं लागलं त्या ईशान्य भागातच आज ही सवलत आहे, आणि पूर्वेकडच्या तुलनेने स्वस्त घरांना बाजारभावाच्या मानाने जास्त कर पडतो. प्रत्येक घराचं गेल्या वर्षाचं करबिल पोर्टलँडमॅप्सवर पाहा.

प्रत्यक्ष जाऊन काय पाहावं

जानेवारीत एकदा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा जा. दोन्ही शहरं ४५ अंश अक्षांशाच्या उत्तरेला आहेत. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व जेमतेम तयार होतं, आणि गडद त्वचेला त्यासाठी जास्त ऊन लागतं. राहायला आल्यावर पहिल्याच तपासणीत रक्तातली पातळी मोजून घ्या. उन्हाळ्याचा धोका उलट दिशेचा आहे. २८ जून २०२१ रोजी पोर्टलँडमध्ये पारा ११६ अंश फॅरनहाइटवर गेला होता. झाडं कमी आणि डांबर जास्त असलेल्या पूर्व पोर्टलँडमध्ये उकाडा जास्त जाणवतो, आणि जुन्या घरांत वातानुकूलन गृहीत धरता येत नाही. टकविला आणि बीकन हिलमध्ये विमानांचा आवाज ऐकायला किमान एक तास थांबा.

नोकरीच्या वाटेवरून गर्दीच्या वेळी जाऊन पाहा. ग्रेशमहून मॅक्स या शहरी रेल्वेची निळी गाडी न बदलता पश्चिमेच्या हिल्सबरोपर्यंत जाते, पण टोकापासून टोकापर्यंत दीड तासाहून अधिक लागतो. केंटहून रेडमंडला रोज जाणं याहून त्रासाचं ठरू शकतं. घरात सिकल सेलचा रुग्ण असेल, तर सिॲटलचं ओडेसा ब्राउन हे मुलांचं क्लिनिक मोठा आधार आहे. मोठ्या माणसांसाठी पोर्टलँडमध्ये ‘नॉर्थ बाय नॉर्थईस्ट’ हे कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर भर देणारं केंद्र आहे. नवे रुग्ण घेतात का, ते फोन करून विचारा.

किशोरवयीन मुलं असलेल्या आणि अमेरिकेत अनेक पिढ्या रुजलेल्या कुटुंबाला आम्ही दक्षिण किंग काउंटी सुचवू. पोर्टलँड त्यांच्यासाठी, ज्यांची मुळं अल्बिनात आहेत, किंवा ज्यांना लहान वर्तुळ चालतं आणि ते स्वतः जोडत राहण्याची तयारी आहे.

घर पाहताना ‘आत्ताच गेलं’ असं उत्तर मिळालं आणि जाहिरात तशीच राहिली, तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवा आणि जाहिरातीची प्रत काढा. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करायला घटनेपासून एक वर्षाची मुदत असते. ऑरेगनमध्ये ‘फेअर हाउसिंग कौन्सिल ऑफ ऑरेगन’ तक्रार मांडायला मदत करतं.