संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा फॉर्म भरायच्या आधी: प्रमाणपत्राची मुदत बघा

आधार, रेशन कार्ड, फोटो, बँक पासबुक हे सगळे नेतातच, त्यावर बोलत नाही. आधी दिव्यांग प्रमाणपत्र हातात घ्या. अपंगत्वाचे टक्के नंतर. 'कायमस्वरूपी' लिहिलंय की 'तात्पुरते', ते वाचा. तात्पुरते असेल तर पुढे तारीख असते, ती मोठ्याने वाचा. मानसिक आजारात, लहान मुलांच्या बाबतीत किंवा सुधारणेची शक्यता असेल तेव्हा हॉस्पिटलचं वैद्यकीय बोर्ड ठरावीक वर्षांचंच प्रमाणपत्र देतं. ती तारीख उलटली की 70 टक्के असोत नाहीतर 90, अर्ज नामंजूर. तारीख चार महिन्यांवर आली असेल तरी आधी नूतनीकरणाला टाका. केईएम, सायन, नायर, जे. जे., कुठेही बोर्डाची तारीख मागितल्या दिवशी मिळत नाही, आणि तोवर फाईल तहसीलात लोळत पडते.

आता टक्के. योजनेला किमान 40 लागतात. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा चांगला असेल तर 30 धरतात, म्हणजे त्यावर एकट्यावर अर्ज बसत नाही. पण दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर दोन्ही तपासायला सांगा. बोर्ड सरळ बेरीज करत नाही: मोठा आकडा तसाच राहतो, धाकट्याला 90 वजा मोठा आकडा, भागिले 90 याने गुणून तो त्यात मिळवतात. 30 आणि 20 चे असे 43 होतात. पायाचंच दाखवलंत आणि ऐकू कमी येतं ते सांगितलंच नाही, तर 30 वरच अडकाल. जुने रिपोर्ट, ऑडिओग्राम, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. बोर्डासमोर नुसतं तोंडी सांगून भागत नाही. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र असेल तर आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. आणि कार्ड आलं की त्यावरचीही मुदत बघा. हो, पुन्हा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच हवा आणि चालू वर्षाचा. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे, बाकीच्यांची 21,000. सेतूवाला विचारतो, "किती टाकू?" आणि लोक अंदाजाने साठ-सत्तर हजार सांगून मोकळे होतात. मग दाखला खरा, अर्ज बाद. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला इथे चिकटवू नका. त्यावर काय आकडा आहे ते तुम्हाला आठवत नसतं.

महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना फार छळतो. अकरा महिन्यांचा करार अकरा महिनेच सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, जे सलग वर्षं दाखवेल ते काढून अधिवासाचा दाखला करून घ्या. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे आहेत हेही विसरू नका: धारावी शहरात, वांद्रे उपनगरात. चुकीच्या कार्यालयात रांग लावली की दिवस गेला.

नावाचं स्पेलिंग आधारवर, यूडीआयडीवर आणि पासबुकात एकच. वडिलांचं की नवऱ्याचं नाव, तेही. वय 18 ते 65, त्यापुढे श्रावणबाळ योजना.

खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत विचारा, नाहीतर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2,500 रुपये आहेत. पोचपावती घ्या, झेरॉक्स ठेवा. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. वर्षाला हयातीचा दाखला. आणि मोबाईलच्या कॅलेंडरात प्रमाणपत्राच्या मुदतीची तारीख, सहा महिने आधीच्या गजरासकट, आत्ताच टाका.