जळगावात बसून बेटांचा अभ्यास कसा करायचा

कोणी विचारतं पीएचडी कशावर चालू आहे, मी सांगतो "बेटं आणि छोटे देश", मग समोरचा थोडा थांबतो आणि म्हणतो, भो, पण आपल्याकडे समुद्र कुठंय? आजीने तर सरळ विचारलं होतं, "कथा शे ते बेट?" (कुठे आहे ते बेट?) मी मोबाईलवर नकाशा मोठा करत करत कॅरिबियनमधलं सेंट लुशिया दाखवलं, तिला ते टिंब काही दिसेना, पण तिथली माणसं वर्षानुवर्षं केळीवर जगली म्हटल्यावर चष्मा लावून बसली आणि पहिला प्रश्न विचारला, तिथं भाव कोण ठरवतं? माझ्या प्रबंधाचा प्रश्न जवळजवळ तोच आहे.

दर वर्षी एम.ए. झालेली दोन-तीन पोरं-पोरी फोन करतात की आम्हालाही असं काही करायचंय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी एक गोंधळ काढून टाका. बेटं आणि छोटे देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त बऱ्याच ठिकाणी एकमेकींवर येतात. लेसोथो छोटा देश आहे पण चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, समुद्राचा पत्ता नाही. उलट आपलं लक्षद्वीप बेटं आहेत पण देश नाही. छोटा म्हणजे किती, तर कॉमनवेल्थ (राष्ट्रकुल) आणि वर्ल्ड बँक साधारण १५ लाख लोकसंख्येची रेघ धरतात. आता आपला नंदुरबार जिल्हा, २०११ च्या जनगणनेत १६ लाख ४८ हजार, म्हणजे खान्देशातला सगळ्यात कमी लोकसंख्येचा जिल्हासुद्धा त्या रेघेच्या वर जातो! पण रेघ काही पक्की नाही, जमैकाची लोकसंख्या जास्त असूनही कॉमनवेल्थ त्याला छोट्यांत धरतं कारण अडचणी त्याच आहेत. तुमच्या अभ्यासात कोणती व्याख्या घेतली आणि का घेतली हे पहिल्याच प्रकरणात लिहा, व्हायवात हा प्रश्न येतोच येतो.

हा विषय अभ्यासक्रमात आला कसा तेही माहीत असू द्या. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडात सैन्य उतरवलं, तेव्हा कॉमनवेल्थमध्ये चर्चा सुरू झाली की एवढ्याशा देशांचं रक्षण कोणी करायचं, त्यातून १९८५ चा अहवाल आला. १९८९ मध्ये माल्टा विद्यापीठात बेटं आणि छोट्या देशांसाठी वेगळी संस्था निघाली. १९९२ च्या रिओ परिषदेत छोट्या बेट-देशांचा वेगळा गट मान्य झाला, १९९४ मध्ये बार्बाडोसला त्यांचा पहिला कृती कार्यक्रम ठरला.

आता खरं काम, म्हणजे प्रश्न निवडणं. इथेच सगळ्यात जास्त पोरं घसरतात, कारण "मालदीवच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास" असला विषय घेऊन येतात, त्याला ना शेंडा ना बुडखा. माझं म्हणणं असं की तुमच्या घराजवळचा एक प्रश्न घ्या जो तुम्हाला आतून कळतो आणि तोच बेटावर कसा दिसतो ते बघा. माझं सांगतो. आमची रावेर तालुक्यात केळी. लहानपणापासून बघतोय, मृगबाग कधी लावायची कांदेबाग कधी (लागवडीचे दोन हंगाम), पिलबाग म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवरची बाग ठेवायची की मोडायची, आणि रोज संध्याकाळी बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला. मे-जूनच्या वादळात एकदा आमची बाग रात्रीतून आडवी झाली, सकाळी वडील बांधावर उभे होते आणि घड चिखलात, कोणी काही बोललं नाही. पण त्या वर्षी घर चाललं, कारण काकांची नोकरी होती, दुसऱ्या शेतात कापूस होता, आणि जिल्हा एवढा मोठा आहे की एका पट्ट्यात वादळ आलं तर दुसरा उभा असतो.

आता हेच सेंट लुशिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंटमध्ये बघा. तिथे केळीला हिरवं सोनं म्हणायचे. माल जवळजवळ सगळा ब्रिटनला जायचा, सवलतीच्या दरवाज्याने. मग १९९३ मध्ये युरोपचा एक बाजार झाला, या सवलतीविरुद्ध अमेरिकेने आणि लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) तक्रार केली, १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला, भांडण अधिकृतपणे मिटायला २०१२ उजाडलं, तोपर्यंत या बेटांवरचे हजारो शेतकरी केळीतून बाहेर पडले होते. आणि वादळ म्हणाल तर २०१७ ला मारिया चक्रीवादळाने डॉमिनिकाचं नुकसान तिथल्या वर्षभराच्या जीडीपीच्या २२६ टक्के झालं. म्हणजे शेजारचा उभा पट्टा वगैरे काही नाहीच, अख्खा देश एका रात्रीत बांधावर. हा फरक मला बागेत वाढल्यामुळे लगेच कळला आणि माझा प्रश्न तिथेच ठरला, की एकाच पिकावर आणि एकाच बाजारावर टेकलेला छोटा देश दरवाजा बंद झाल्यावर काय करतो.

तुमच्याकडे केळी नसेल तर दुसरं काही असेलच. नंदुरबारकडून दर हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं ओळखीची असतील तर मिराब मॉडेल वाचा. १९८५ मध्ये बर्ट्रम आणि वॉटर्स या दोन अभ्यासकांनी पॅसिफिकमधली कुक आयलंड्स, नियूए, टोकेलाऊ, किरिबाटी आणि तुवालू बघून मांडलं की ही बेटं स्थलांतर, तिकडून येणारा पैसा, परदेशी मदत आणि सरकारी नोकऱ्या या चार पायांवर उभी आहेत. नियूएत आज दोन हजारसुद्धा लोक नाहीत, त्याच्या कितीतरी पट न्यूझीलंडमध्ये राहतात. गावात म्हातारी माणसं आणि कुलूप लावलेली घरं, हे चित्र ज्याने स्वतः बघितलंय तो हे मॉडेल जास्त चांगलं तपासेल.

सिद्धांत मात्र एकच धरा, दोन फार झाले. अर्थशास्त्रवाल्यांनी माल्टाचे अर्थतज्ज्ञ ब्रिगुग्लियो यांचं असुरक्षिततेचं, म्हणजे बाहेरच्या धक्क्यांना देश किती उघडा आहे यावरचं काम वाचावं, त्यांच्याकडे सिंगापूरचा एक मजेदार पेच आहे. निर्देशांक काढला तर सिंगापूर खूप असुरक्षित निघतं, सगळं आयात, सगळं बाहेरच्या व्यापारावर, तरी श्रीमंत. मग धक्का बसण्याची शक्यता वेगळी आणि धक्का सोसायची ताकद वेगळी मोजावी लागते. याच धाग्यावर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक मान्य केला, कारण नुसतं दरडोई उत्पन्न बघून या देशांना स्वस्त कर्ज नाकारलं जायचं. राज्यशास्त्रवाल्यांनी आइसलंडकडचा आश्रयाचा सिद्धांत बघावा, छोटा देश कोणाच्या छत्रीखाली उभा राहतो आणि त्याची किंमत काय देतो. भूगोलवाल्यांनी समुद्र कायदा, म्हणजे कोणत्या देशाचा किती समुद्र ते ठरवणारा कायदा, सोडू नका, किरिबाटीची जमीन ८११ चौरस किलोमीटर आणि तिच्या ताब्यातला समुद्र जवळपास ३५ लाख चौरस किलोमीटर. मग छोटा कोण म्हणायचं?

आकड्यांबद्दल जरा सावकाश सांगतो, इथे मी स्वतः सहा महिने घालवलेत. समजा एका बेटावर वर्षाला २०० बाळं जन्मतात, एका वर्षी २ दगावली आणि पुढच्या वर्षी ४. बालमृत्यू दर हजारी १० वरून २० वर, दुप्पट! प्रत्यक्षात दोन घरांतलं दुःख आहे, पण आरोग्य व्यवस्था कोसळली असं त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून एका वर्षाचा दर कधीच वापरू नका, पाच वर्षांची सरासरी घ्या आणि शेजारी मूळ संख्या लिहा. दुसरं, तुवालू किंवा किरिबाटीसाठी जीडीपी घेऊन बसलात तर चुकाल, कारण मासेमारीच्या परवान्यांचे पैसे परदेशी बोटींकडून येतात आणि ते राष्ट्रीय उत्पन्नात दिसतात, जीडीपीत दिसत नाहीत. तिसरं, वर्ल्ड बँकेच्या तक्त्यात या देशांचे रकाने रिकामे असतात, घाबरू नका, त्या-त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाची साईट उघडा, पॅसिफिकसाठी पॅसिफिक डेटा हब आहे, तिथे बरंच फुकट मिळतं.

वाचायला पैसे लागत नाहीत. आयलंड स्टडीज जर्नल २००६ पासून निघतं आणि पूर्ण खुलं आहे, जुने अंक मागून पुढे वाचत या, रोज एक लेख, वहीत अर्धं पान टिपण मराठीत. शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांचा ऑनलाईन साठा) भारतात अंदमान, लक्षद्वीप, मॉरिशस, फिजीवर झालेले प्रबंध शोधा म्हणजे कोणता गाईड कुठे आहे तेही कळतं.

गाईडचा विषय निघालाच आहे तर, आपल्या विद्यापीठात "बेट अभ्यास" असा वेगळा विभाग शोधू नका. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, भूगोल, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्रातून द्यायची आणि प्रस्तावात बेटं आणायची. माझा पहिला प्रस्ताव एका ठिकाणी "स्थानिक उपयोग दिसत नाही" म्हणून परत आला होता, फार लागलं होतं तेव्हा. दुसऱ्यांदा मी पहिल्याच पानावर रावेरची केळी आणि सेंट लुशियाची केळी समोरासमोर ठेवली, तिथून पुढे कोणी तो प्रश्न विचारला नाही.

बाहेर जायचं असेल तर माल्टा विद्यापीठात एम.ए. आणि पीएचडी दोन्ही आहे, कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंड विद्यापीठात बेट अभ्यासाची मास्टर्स आहे, स्कॉटलंडच्या युनिव्हर्सिटी ऑफ द हायलँड्स अँड आयलंड्समध्येही आहे आणि ती घरी बसून ऑनलाईन करता येते, नोकरीवाल्यांनी तिकडे बघा. माझा जीव मात्र युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकवर आहे. १९६८ मध्ये सुरू झालेलं आणि १२ देशांनी मिळून चालवलेलं विद्यापीठ. तिथल्याच २७ विधी विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये वर्गात ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा, वानुआतू सरकारला पटवलं, २०२३ मध्ये आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला हेगमधून सल्लागार मत आलं, की देशांवर हवामान वाचवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. वर्गातल्या असाइनमेंटची ताकद बघा.

स्कॉलरशिपचं थोडक्यात. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असू शकते आणि बेटांवरची विद्यापीठं तिथे अडकतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. कॉमनवेल्थ स्कॉलरशिपही बघा.

फील्डवर्कची सवय मात्र इथेच लावा. अक्कलकुवा आणि धडगावच्या नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या पाण्यामुळे ३३ गावं बाधित झाली, तिथल्या काही पाड्यांना आजही बोटीनेच जावं लागतं. चार दिवस राहा, बोट नाही आली तर दवाखाना, रेशन, शाळा यांचं काय होतं ते बघा, मग बेटावरच्या जहाजाच्या वेळापत्रकाला एवढं महत्त्व का असतं ते पुस्तकाशिवाय कळेल. पण त्या पाड्यांना सरळ "बेट" म्हणून लिहून टाकू नका, ती पाण्याने नंतर तोडलेली गावं आहेत आणि तिथल्या लोकांची लढाई वेगळी आहे. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, अंदमानात आदिवासी राखीव क्षेत्रात जायचं नाही म्हणजे नाही. आणि मॉरिशसला तर मराठी माणसंच आहेत, गिरमिटाच्या म्हणजे करारी मजुरीच्या काळात कोकणातून गेलेली, तिथे मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात. भाषेच्या पोरांनी हा विषय हातचा घालवू नये.

एक गोष्ट मी चुकलो असतो, थोडक्यात वाचलो. छोट्या जागी नाव बदलून उपयोग नसतो. "एका बँकेच्या महिला मॅनेजर म्हणाल्या" असं लिहिलं आणि बेटावर महिला मॅनेजर एकच असेल तर सगळ्यांना कळलं कोण ते. आपल्या पाड्यावर "एक शिक्षक" लिहिलं तरी तसंच होतं. हुद्दा काढा, गाव काढा, लागलं तर दोन मुलाखती एकत्र करा, आणि छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा.

मुलाखती आता फोनवरही होतात, फक्त वेळ सांभाळा. सेंट लुशियात सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, फिजीत मात्र उलटं, आपले सकाळचे ९ म्हणजे त्यांचे दुपारचे साडेतीन. पहिल्या ईमेलमध्ये स्वतःची ओळख दोन ओळींत, तुमचा एकच प्रश्न आणि तुम्ही त्यांचं काय वाचलंय ते लिहा, उत्तर यायला महिना लागला तरी पुन्हा एकदा नम्रपणे लिहा. मी सेंट लुशियातल्या एका वयस्कर केळीवाल्याशी पहिल्यांदा बोललो तेव्हा माझी प्रश्नांची यादी तयार होती, पण त्यांनीच आधी विचारलं, तुमच्याकडे आज काय भाव आहे? मी त्या दिवशीचा बऱ्हाणपूरचा भाव सांगितला, त्यांनी बायकोला हाक मारून तो पुन्हा सांगितला, आणि मग पुढचा दीड तास मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.