क्रिबची सगळी पिल्लं नरच का निघायची?

पेल्विकाक्रोमिस पल्चर, म्हणजे आपल्या मत्स्यटँकवाल्यांचा 'क्रिब' मासा, मूळचा दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारपट्टीतला. माझी जोडी उलट्या करवंटीत अंडी घालायची, दोघं मिळून पिल्लं राखायची. मादीचं पोट तेव्हा चेरीसारखं लाल! (मादीच जास्त देखणी, नर उगाच लांबलचक.) तक्रार एकच होती. दोन खेपांची पिल्लं मोठी झाली, तर बोटांवर मोजण्याइतक्या माद्या आणि बाकी सगळे नर. मग एका टँकमध्ये रोजची हाणामारी.

आधी खाण्यावर संशय घेतला, मग उष्णतेवर. शेवटी पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्लधर्मी) मोजला : ५.५. आमचं बोअरचं पाणी कडक, भांड्यावर पांढरे डाग पडणारं, म्हणून मी नुसतं आरओ (फिल्टरने क्षार काढलेलं पाणी) वापरत होतो. या माशात अगदी लहानपणीच्या पीएचवर नर-मादीचं प्रमाण हलतं. आम्लधर्मी पाण्यात नर जास्त, आणि पीएच वर गेला की माद्या जास्त.

मग तीन भाग आरओ, एक भाग बोअर असं पाणी केलं. सोसायटीतल्या देशी बदामाची गळलेली सुकी पानं टँकमध्ये घातली होती, ती काढली. त्यांनी पाणी चहासारखं झालं होतं, बायको म्हणायची, "हे बदल आधी!" पीएच एकदम न चढवता दोन आठवड्यांत हळूहळू ६.५ वर आणला. नुसतं आरओ वापरू नका, पीएच धडाधड कोसळतो.

पुढच्या खेपेत माद्या निम्म्याच्या आसपास निघाल्या. त्यातल्या दोन जोड्या मित्राकडे गेल्यात.